बैल की सोफा

आईने गाडी खताच्या ढिगात घातली तेव्हा बाकीचं घर पॅकिंग शेडमध्ये हौद्याच्या लांबीवरून भांडत होतं, त्यामुळे प्रत्यक्ष प्रसंग कुणालाच पाहायला मिळाला नाही. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. धडक म्हणावी असा नव्हता तो. जड माणसाने गादीवर बसावं तसा होता. पाठोपाठ आईचा समाधानी सूर आला, "थांबते बाई!"

सगळे रोपवाटिकेच्या अंगणात धावले. तिथे आठवडाभर दोन गाड्या उभ्या होत्या. शोरूमच्या माणसाने वापरून बघा म्हणून ठेवल्या होत्या आणि तो त्यांना भलत्या लांबलचक नावाने संबोधायचा. घरात त्यांना बग्ग्या म्हणत, आणि दुसऱ्या दिवसापासून एकीला बैल, दुसरीला सोफा. बैल डिझेलवर चालायचा. मागे ऐसपैस हौदा, पुढे दोनच जागा, आणि एकदा चालू झाला की माणसांनी गप्प बसायचं. सोफा विजेवर चालायचा. चार माणसं पाय पसरून बसत, हौदा मात्र नावापुरता. दोघांच्याही चारही चाकांना जोर होता, दोघेही टेकडी चढत होते, आणि म्हणूनच घरात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. एखादा तरी चढत नसता तर सोपं झालं असतं.

आत्ता सोफ्याचं नाक खतात होतं आणि स्टिअरिंगमागे आई बसली होती, मांडीवर चष्म्याची डबी घेऊन. उभ्या आयुष्यात तिने शिलाई मशीनखेरीज कशाचं पॅडल दाबलं नव्हतं.

"आई! तुला काय झालं?" थोरला ओरडला.

"मला काय होतंय? चालवून पाहिली. आठवडाभर सगळे पाहताहेत, मी का नको?"

"अगं पण चालवायची कशाला? तुला निवडायची होती!"

"हो का," आई म्हणाली. "लक्षातच नाही आलं."

आईच्या लक्षात आलं नाही असं या घरात याआधी कधी घडलं नव्हतं, पण खताचा वास इतका होता की त्या क्षणी कुणी खोलात गेलं नाही.

घरात वाहनांबाबत एक नियम होता आणि तो मागच्या पिढीच्या मूर्खपणातून जन्मला होता. आजोबांनी तरुणपणी रोपं वाहायला म्हणून साइडकारची मोटरसायकल आणली. खरं कारण तिचा आवाज. ती टेकडी चढेना, साइडकारमध्ये रोपं मावेनात, आणि आजोबा मरेपर्यंत तिला पुसत राहिले. तेव्हा आजीने ठणकावून सांगितलं होतं, इथून पुढे जो हाकणार तो निवडणार नाही. हाकणारा प्रेमात पडतो. निवडायला शुद्धीवर असलेलं माणूस लागतं. पुढे ट्रॅक्टर आईने निवडला, डिलिव्हरीची व्हॅन आईने निवडली, आणि दोन्ही वर्षानुवर्षं विनातक्रार चालली. त्याचं श्रेय अप्पांनी नेहमी स्वतःच्या हाकण्याला दिलं.

"म्हणजे आई बाद," वहिनी म्हणाली. थोरल्याची ही बायको घरातली सगळ्यांत व्यवहारी. व्हॅन तीच चालवायची. "मी बाद, हे बाद, भाऊजी बाद. मग राहिलं कोण?"

सगळ्यांच्या माना शेडच्या दाराकडे वळल्या. दारात अप्पा उभे होते. हातात काठी होती. ती रोपं दाखवायला घेतलीय असं ते सांगत.

"माझ्याकडे काय बघताय?" अप्पा म्हणाले. "मी हाकणार आहे."

या विषयावर न बोलण्याचा घरात आता चांगला सराव झाला होता.

*

अप्पांच्या उजव्या पावलातली संवेदना गेली होती. डॉक्टरांनी ते सरळ शब्दांत सांगितलं, गाडी चालवू नका हेही सांगितलं. अप्पा म्हणायचे, टाच जरा झोपते. गेल्या वर्षी ती ब्रेकवर झोपली आणि ट्रॅक्टर पाण्याच्या टाकीत शिरला. टाकी गेली, ट्रॅक्टर गेला. अप्पांचं टेकडीवर जाणंही तेव्हाच बंद झालं, कारण एवढी चढण काठीला झेपणारी नव्हती. वर मातृवृक्षांची रांग होती. आजोबांनी लावलेली आणि अप्पांनी जन्मभर सांभाळलेली नासपतीची झाडं, ज्यांच्या काड्या घेऊन खाली हजारो कलमं बांधली गेली. अप्पा रोज सकाळी अंगणात उभं राहून त्या दिशेला बघायचे. खालून फक्त कुंपण दिसायचं.

जेवणाच्या टेबलावर थोरल्याने सूत्रं हाती घेतली. विक्री तो बघायचा, आणि घरातल्या माणसांशीही तो गिऱ्हाईक असल्यासारखाच बोलायचा.

"अप्पा, मी काय म्हणतो, सोफाच घेऊ. तुम्हाला वर जाता येईल. आरामात बसून. दुसरं मला काही नको."

"मी बैल हाकत जाईन की," अप्पा म्हणाले. "हा शेजारी बसेल." त्यांनी धाकट्याकडे बोट केलं.

धाकट्याने घास गिळला. वरची झाडं तो बघायचा, बोलायचा कमी. आज त्याला बोलणं भाग होतं.

"बैलच बरा, अप्पा. हौदा मोठा आहे. खत एका खेपेत जातं. सोफ्यात चार कुंड्या ठेवल्या की संपलं."

"माणसांचं काय?" थोरला म्हणाला. "अप्पांनी हौद्यात बसायचं?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"दोनच जागा आहेत. एक तुझी, एक तुझ्या गड्याची. म्हणजे तेच झालं."

"अहो," वहिनी मध्येच म्हणाली, "चार जागा रोज भरणार कशाने? अप्पा एक. बाकी?"

थोरला किंचित अडखळला, आणि अडखळला की तो खरं बोलायचा. "गिऱ्हाइकं. वर नेऊन झाडं दाखवायची. हल्ली चालत कोण येतं टेकडीवर? वर एक बाक टाकू, छत टाकू, तू चहाबिहा..."

"मी?"

"म्हणजे आपण."

"चहाबिहा," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा पेला सावकाश खाली ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिराच्या बाजूला जाऊन बसली, निदान मताने. "मला बैल आवडला. हौदा मोठा आहे."

"म्हणजे सोफा माझ्यासाठी नव्हे," अप्पा म्हणाले.

"तुमच्यासाठी पण आहे ना, अप्पा!"

"पण," अप्पा म्हणाले आणि जेवू लागले.

आई सगळ्यांना वाढत होती. तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. वाढून झाल्यावर एवढंच म्हणाली, "निवडायचं कुणी ते ठरत नाहीये ना? मग जेवण झाल्यावर दोन्ही गाड्या एकदा वर नेऊन आणा. अप्पांनाही घेऊन जा. बघून तरी येऊ देत."



"आज नको," धाकटा घाईने म्हणाला. "वाट ओली आहे."

"सकाळी तर धूळ उडते म्हणून भाऊजींनीच अंगणात पाणी मारायला लावलं," वहिनी म्हणाली. युती होऊन दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

*

धाकट्याला बैल हवा होता तो हौद्यासाठी नव्हे. त्याला दुसरी जागा गड्याने भरलेली हवी होती, म्हणजे अप्पांना वर यायला वावच उरला नसता. कारण वरची मातृवृक्षांची रांग आता होती तशी नव्हती.

आजोबांच्या त्या जुन्या नासपतीला घरात दगडी म्हणत. महिनोन्‌महिने टिकायची, पण चावताना दाताची परीक्षा. तिची कलमं कुणी घेईनासं झालं होतं. थोरला विकू शकत नव्हता आणि अप्पांना सांगू शकत नव्हता. अप्पांचं वर येणं बंद झालं, आणि धाकट्याने करवत घेतली. जुन्या झाडांचे शेंडे उतरवले आणि उरलेल्या खोडांवर नव्या, रसाळ जातीच्या काड्या बांधल्या. गेल्या हंगामात अर्धी रांग, या हंगामात बाकीची. अप्पांना आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. मोठं काम चोरून करणाऱ्याला जी दमणूक येते ती त्याला आली होती. गाडी आली की सांगू, असं त्याने शेवटी ठरवलं होतं. दोन सीटची आली की.

आता तो सोफ्याच्या नाकावरचं खत पुसत होता.

बैलाची फेरी आधी झाली. वहिनीला शेजारी बसवून त्याने खताच्या गोण्या वर, कुंपणापाशीच, नेऊन टाकल्या. वहिनी खाली उतरली ती कानात बोटं घालूनच. मग सोफा. पुढे धाकटा आणि थोरला, मागे अप्पा आणि आई. अप्पांना मागे बसताना पाहणं कुणालाच जमलं नाही. सगळ्यांना अचानक पट्टे नीट करायचे होते. आयुष्यभर पुढे बसलेला माणूस, आता पाहुण्यासारखा मागच्या बाकावर काठी उभी धरून.

"आवाजच नाही हिला," अप्पा म्हणाले. "चाललीय की नाही कळणार कसं?"

"झाडं मागे जाताहेत की," आई म्हणाली.

आवाजाचं अप्पांना वेगळ्याच कारणाने पडलं होतं. दोन दिवसांपूर्वी सगळे कामात असताना त्यांनी बैल काढला होता. काचघराच्या मागच्या वाटेवर, एकटे. पॅडलवर पाय आहे हे त्यांना पायाने कळत नव्हतं, पण इंजिनाच्या आवाजावरून पाय किती दाबलाय ते कळत होतं. जमतंय, असं वाटून त्यांना किती आनंद झाला होता. मग ब्रेक दाबायची वेळ आली आणि ब्रेकला आवाज नव्हता. बैल काचेपासून वीतभर अंतरावर थांबला, तो त्यांनी थांबवला म्हणून की वाट तिथे चढाची होती म्हणून, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी गाडी जागेवर लावली. कुणी पाहिलं नाही, एवढं नशीब.

आईने पाहिलं होतं. ती काचघरात, त्याच काचेच्या आतल्या बाजूला रोपांना पाणी घालत होती. काचेवर वाफ धरली होती म्हणून त्यांना ती दिसली नाही. तिला मात्र समोरून येणारं हिरवं धूड दिसलं आणि ते थांबेपर्यंत झारी हातात तशीच राहिली. तिला फार भीती वाटली, स्वतःसाठी आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी. तुम्ही चालवू नका असं म्हणायची सोय नव्हती. तसं म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी ते बैल घेऊन बाजारात गेले असते. नकार त्यांच्याच तोंडून यायला हवा होता. काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिला सासूबाईंचा नियम आठवला, आणि आज सकाळी तिने सोफ्याची किल्ली घेतली. खताचा ढीग मऊ असतो हे तिने आधीच काठी खुपसून पाहून ठेवलं होतं.

*

टेकडीच्या माथ्यावर धाकट्याने गाडी कुंपणाबाहेरच थांबवली.

"इथून दिसतंच सगळं," तो म्हणाला.

"आत घे," अप्पा म्हणाले.

आत घेतली. थोरला फोनवर जागेची मापं टिपत उतरला, बाक कुठे, छत कुठे, असं बोलत चार पावलं गेला आणि गप्प झाला. वर तो क्वचितच यायचा. रांगेतली जुनी जाडजूड खोडं माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर कापलेली होती, आणि प्रत्येक खोडाच्या कडेने पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या बोटभर काड्या उभ्या होत्या. गेल्या वर्षीच्या कलमांना पालवी होती. बाकीची नुसतीच बांधलेली.

अप्पा काठी टेकत पहिल्या खोडाशी गेले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची धाकट्याची हिंमत झाली नाही. त्याने त्यांच्या हातांकडे बघितलं. हात खोडावर ठेवलेले होते. बराच वेळ तसेच होते.

"अप्पा, मी सांगणार होतो."

"कधी?"

"गाडी घेतल्यावर."

"दोन सीटची."

"हो."

थोरल्याने इथे भावाची बाजू घ्यावी की वडिलांची, याचा पटकन हिशोब मांडला आणि फोनमध्ये डोकं घातलं.

"तुला माहीत होतं?" अप्पांनी आईला विचारलं.

"गेलं वर्षभर शेगडीत दगडीचं लाकूड जळतंय," आई म्हणाली. "त्याचा वास मला कळत नाही का? तुम्हालाच कसा आला नाही, याचं नवल."

वास अप्पांनाही आला असणार. माणूस नको तो वास घेत नाही.

त्यांनी एका कलमावरची पट्टी अंगठ्याने चाचपली. "ही कुणी बांधली?"

"मी."

"वरून खाली गुंडाळलीस. प्रत्येक वेढ्यात पाणी शिरेल. खालून वर न्यायची, म्हणजे वरचा वेढा खालच्याला झाकतो. लहानपणापासून सांगतोय." त्यांनी काठी आईच्या हातात दिली, खोडाला टेकून उभे राहिले आणि पट्टी सोडायला लागले. पाय झोपला होता, हात जागे होते. खालून वर, ताणून, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा. गाठ मारली आणि बोटाने टिचकी मारून पाहिली. "किती लागली गेल्या वर्षी?"

"निम्म्याहून थोडी जास्त."

"तेच. बाकीची पाण्याने गेली."

रांगेच्या टोकाला एक झाड अखंड उभं होतं. उंच, पसरलेलं, वेडंवाकडं. अप्पांनी वडिलांच्या हाताखाली केलेलं पहिलं कलम. अप्पा तिथवर गेले आणि मान वर करून शेंड्याकडे पाहत राहिले.

"हे का ठेवलंस?"

"हिंमत झाली नाही, अप्पा."

"मूर्ख आहेस," अप्पा म्हणाले. आवाज फुटला होता, तरी म्हणायचं ते त्यांनी म्हटलंच. "सगळ्यांत चांगलं खोड हे. इथे एकसुद्धा काडी वाया गेली नसती. हेच आधी कापायचं होतंस."

मग त्यांनी डोळे पुसले, सगळ्यांदेखत, आणि गाडीत मागे जाऊन बसले.

*

संध्याकाळी शोरूमचा माणूस ट्रेलर घेऊन आला तेव्हा अंगणात सगळं घर उभं होतं. त्याने सोफ्याच्या नाकावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि धंद्याचा विचार करून हसला.

"काय ठरलं मग? कुठली ठेवायची?"

थोरल्याने तोंड उघडलं. धाकट्याने उघडलं नाही. वरून आल्यापासून त्याला कुठलीच गाडी नको होती. वहिनी हाताची घडी घालून दोघांमधून बघत होती.

अप्पा शेडच्या दारातून निघाले. अंगण ओलांडायला त्यांना वेळ लागला आणि कुणी मदतीला गेलं नाही. ते बैलापाशी पोचले. स्टिअरिंगच्या बाजूने दांडा धरला तेव्हा आईने श्वास रोखला. अप्पा क्षणभर तिथे थांबले, त्या रिकाम्या जागेकडे बघत. मग दांडा सोडला, बोनेटला हात लावत लावत गाडीला वळसा घातला आणि पलीकडून चढून शेजारच्या जागेवर बसले.

"हा," ते म्हणाले.

"अप्पा, पण निवडायला तुम्ही..." थोरला म्हणाला.

"मी हाकणार नाही."

वर्षभर जे वाक्य सगळ्यांना हवं होतं ते आलं, आणि ऐकल्यावर कुणालाच बरं वाटलं नाही. आईने पदराने चष्मा पुसायला घेतला.

"मी हाकणार नाही," अप्पा पुन्हा म्हणाले, आपल्याच तोंडाला सवय व्हावी म्हणून. "म्हणजे निवडणार मी. बैल."

"पण त्यात जागा कुठे आहे?" थोरला काकुळतीला आला. "दोनच तर आहेत!"

"एक याची. एक माझी. मला कितीशी लागते?"

"आणि गडी?" धाकट्याच्या तोंडून निसटलं.

"चालत येईल. त्याचे पाय चांगले आहेत." अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. "रोज जायचं. पट्ट्या सगळ्या सोडून परत बांधायच्या आहेत. आणि ते शेवटचं झाड. करवत घे."

धाकट्याने आठवडाभर ज्या गाडीसाठी डोकं लढवलं होतं ती गाडी त्याला मिळाली होती, आणि ज्याला दूर ठेवायला ती हवी होती तो माणूस तिच्यात बसून पट्टा कुठे अडकवतात ते शोधत होता. वहिनीला हसू आवरेना. थोरला शोरूमच्या माणसाला सोफ्याची किंमत पुन्हा एकदा विचारत होता, निव्वळ दुःखातून.

"आणि मला वर यावंसं वाटलं तर?" आईने विचारलं.

"मग तू हाक," अप्पा म्हणाले. "तुला येतं की. वर ढीगबीग नाही काही, तेवढं बघ."

त्यांना कळलं होतं, आणि कळलंय हे त्यांनी सांगितलं होतं, एवढं आईला पुरलं.

"आत्ता जायचं?" धाकट्याने विचारलं. "संध्याकाळ झाली."

"उजेड आहे अजून."

त्याने करवत हौद्यात टाकली आणि बैल चालू केला. सगळ्यांचं बोलणं बंद झालं. अंगण मागे पडलं, काचघर मागे पडलं, चढ लागला. अप्पा ताठ बसले होते, नजर समोर, हात मांडीवर, सगळं सोडून दिलेल्या माणसासारखे. टाकीच्या वळणावर, जिथे ट्रॅक्टर गेला होता, धाकट्याने सहज खाली पाहिलं. अप्पांचा उजवा पाय पुढे सरकला होता आणि समोरचा रिकामा पत्रा जीव खाऊन दाबत होता. अप्पांना ते कळत नव्हतं.

धाकट्याने ब्रेक लावला. बैल हळू झाला आणि वळण पार झालं.

"बरोबर," अप्पा म्हणाले.